घसाऱ्याचा हिशेब
(सावली येथे जिल्हा बैठकीपुढे केलेले भाषण)



सकाळपासून भावावर बोलणे झाले, विम्यावर झाले, रात्रीच्या विजेवर झाले. आता जेवणाच्या तोंडावर मला लोखंडावर बोलायला उभे केले आहे. मी पुढारी नाही. बरीच वर्षे लेथवर आणि रेच्यांच्या दुरुस्तीत हात काळे केले, त्यानंतर घरची कोरडवाहू शेती धरली. तेव्हा माझ्या बोलण्याला थोडा वंगणाचा वास येईल, तेवढा चालवून घ्या.

घसारा हा शब्द आपण दोन ठिकाणी ऐकतो. एक सोसायटीच्या ताळेबंदात, जिथे सचिव यंत्राच्या किमतीतून दरवर्षी काही टक्के कापतो. दुसरा शेतात, पण तिथे त्याला कोणी घसारा म्हणत नाही. तिथे नुसते म्हणतात, "पास झिजली, लोहाराकडे टाकून ये." मूळ शब्द घासण्यातलाच आहे. मातीवर लोखंड घासते म्हणून कागदावर घसारा लिहावा लागतो. कृषी खर्च व मूल्य आयोग आपल्या कापसाचा आणि ज्वारीचा उत्पादन खर्च काढतो, त्यात अवजारांच्या घसाऱ्याचा एक रकाना असतो. बियाण्यावर, खतावर, मजुरीवर आपण तावातावाने बोलतो. या रकान्यावर आजवर एका तरी बैठकीत बोलणे झाले आहे काय? होत नाही, कारण हा खर्च एका दिवशी होत नाही. चिमूट-चिमूट लोखंड मातीत जाते आणि पावती कोणी देत नाही.

आधी एक साधा हिशेब करू. वखराची पास दीड फूट रुंद धरा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. भागाकार केला तर एका एकराला ती पास २९ हजार फूट चालते, म्हणजे पावणेनऊ किलोमीटरच्या वर. दहा एकराला तीन पाळ्या दिल्या की झाले जवळजवळ २६५ किलोमीटर. चंद्रपूरहून नागपूरला जाऊन परतीच्या वाटेवर बरेच पुढे आलो एवढे अंतर, आणि तेही डांबरावर नाही, मातीत दाबून. जोडा घालून एवढे चाललो तर तळवा राहील का? मग पासेचे काय होत असेल?

यात मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. लोखंड किती झिजते आणि बैलाला किंवा इंजिनाला किती ओढ पडते, हे नुसत्या लोखंडाच्या जातीवर ठरत नाही. त्याच्या अंगाचा वरचा पोत कसा आहे, यावरही ठरते. आणि चकचकीत तेवढे चांगले, खरबरीत तेवढे वाईट, ही आपली समजूत निम्मीच खरी आहे. कुठे चकाकी हवी आणि कुठे खरबरीतपणा, हे ज्याला कळते तो दुकानात फसत नाही.

ढेकळावर ढेकूळ

हाताला गुळगुळीत लागणारे लोखंडही खरे तर गुळगुळीत नसते. नांगरून टाकलेले शेत दुरून सपाट दिसते, जवळ गेलो की ढेकळे दिसतात, तसेच ते. आता मनात असे आणा की एक नांगरलेले शेत उचलून दुसऱ्या नांगरलेल्या शेतावर पालथे घातले. दोन्ही शेते एकमेकांना कुठे टेकतील? ढेकळांच्या टोकांवर. बाकी सगळीकडे मधे पोकळी. दोन लोखंडी भाग एकमेकांवर बसतात तेव्हा हेच होते. सगळा भार त्या थोड्या टोकांवर येतो, तिथे धातू चेपतो, एकमेकाला चिकटतो, आणि भाग सरकला की ती टोके तुटतात. तुटलेला कण मधेच अडकला तर तो पुढे चरे पाडत जातो. केंब्रिजच्या बोडेन आणि टॅबर या दोघा शास्त्रज्ञांनी हे नीट मांडून १९५० साली घर्षणावर मोठे पुस्तक काढले, आणि १९५३ साली आर्चर्डने झिजेचे साधे गणित दिले: भार वाढला की झीज वाढते, अंतर वाढले की वाढते, धातू कठीण असेल तर कमी होते. कुठल्याही लोहाराला हे ठाऊक होते, फक्त त्याने ते कागदावर लिहिले नव्हते.

मग टोके सगळी घासून टाकली, आरसा केला, तर काम फत्ते? तसेही नाही. वर्कशॉपमध्ये माप घेण्यासाठी पोलादाचे स्लिप गेज नावाचे ठोकळे असतात. ते इतके सपाट आणि गुळगुळीत असतात की स्वच्छ पुसून एकावर एक सरकवले की चिकटून बसतात, उचलले तर दोन्ही उचलले जातात. अंगाला अंग पूर्ण लागले की सुटणे अवघड. शिवाय आरशासारख्या अंगावर तेल टिकायला खळगाच उरत नाही.

आपण बसलो आहोत ते गाव सूत कातण्याचे. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन इथे सावलीला भरले तेव्हा गांधीजी आले होते, आणि खादीमुळे या गावाचे नाव दूरवर गेले. इथल्या कातणाऱ्या बायांना मी आता जे सांगतो ते नवीन नाही. चरख्याच्या चातीचे टोक तुकतुकीत लागते, नाही तर सूत अटकते आणि तुटते. पण चाती ज्या माळेने फिरते ती माळ घसरून चालत नाही, म्हणून तिला राळ आणि मेण लावतात. एकाच चातीला एका टोकाला घसरण हवी आणि दुसऱ्या जागी पकड हवी. माझे सगळे भाषण यात आले, पण जेवणाला अजून वेळ आहे.

काळी माती लोखंडाला का धरते

सावलीकडची बरीच जमीन धानाची. वरोरा, राजुरा, कोरपन्याकडून आलेल्या आपल्या कापूसवाल्यांना मात्र कन्हार जमिनीचा अनुभव आहे. पाऊस पडून उघाड मिळाली, वाफसा पुरता झाला नाही आणि डवरा घातला, की चार तासांत पासेवर मातीचा गोळा. गडी दर तासाला थांबतो, काठीने माती काढतो, पुन्हा हाकतो. बैल थकतात आणि तण तसेच राहते, कारण कापायला पासेची धार मोकळीच नसते.

हे का होते? पास गंजलेली किंवा ठोक्यांनी खाचखळग्यांची असेल तर खाचेत माती बसते. एकदा ती बसली की पुढे लोखंडावरून माती सरकत नाही, मातीवरून माती सरकू लागते. चिकण मातीवरून माती ओढायला चकचकीत पोलादावरून ओढण्यापेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. म्हणजे पोलाद आपण विकत घेतले, आणि वापरतो आहोत मातीची पास.

ही अडचण फक्त आपली नाही. अमेरिकेच्या मध्यभागी इलिनॉयमध्ये अशीच काळी, चिकट, कसदार जमीन आहे. पूर्वेकडून तिथे वस्तीला गेलेले शेतकरी बिडाचे नांगर घेऊन गेले. पूर्वेच्या वाळूमिश्रित जमिनीत ते नांगर चांगले चालत, इथे दर थोड्या अंतरावर माती खरवडावी लागे. कित्येकांनी जमीन सोडून परत जाण्याचा विचार केला. १८३७ साली ग्रँड डिटूर या गावच्या जॉन डिअर नावाच्या लोहाराने मोडक्या करवतीच्या पोलादाचा फाळ केला, माती पलटवणारा लोखंडी पत्रा घासून-घासून तुकतुकीत केला, आणि त्या नांगरावरून माती आपोआप सुटू लागली. आज हिरव्या ट्रॅक्टरवर त्याचे नाव दिसते. कारखान्याची सुरुवात एवढ्याच गोष्टीत होती: काळ्या मातीला चकाकी लागते. लोहार गावचा होता आणि गिऱ्हाईक रोज दारात येऊन तक्रार करत होते, हेही लक्षात ठेवा.

तर मग आपण काय करावे? हंगाम संपला की पास, फाळ, डवऱ्याच्या पासा धुऊन, वाळवून, इंजिनातले काढलेले काळे तेल किंवा ग्रीस फासून ठेवावे. गंज एका पावसाळी रात्रीत चढतो आणि त्याने पाडलेले खळगे पुढे महिनाभर जात नाहीत. नव्या फाळावर रंग असतो. तो रंग आणि घणाचे ठोके जाईपर्यंत त्याला थेट कन्हारात घालू नये, आधी एखाद्या बरड, रेताड तुकड्यात चालवावा. रेती त्याला घासून चकाकी आणते. ग्राइंडर फिरवलाच तर माती ज्या दिशेने सरकते त्या दिशेने फिरवावा. आडवे ओरखडे मातीला पायऱ्या करून देतात. आणि ग्राइंडरखाली धार निळी पडू देऊ नका. निळा रंग आला म्हणजे तिथले पाणी उतरले, लोखंड मऊ झाले.

झीज कोणाची जास्त

आता उलटी बाजू. रेती चकाकी आणते ती लोखंड खाऊनच आणते. गारगोटी, जिच्या चुऱ्याची रेती होते, ती कठीणपणाच्या एक ते दहाच्या मापात सातवर आहे. साधे मऊ लोखंड चार-साडेचारच्या आसपास, आणि चांगले पाणी दिलेली कानस साडेसहा-सातपर्यंत. म्हणजे गावठी मऊ लोखंडाची पास रेतीपुढे टिकतच नाही, रेती तिला खोदत जाते. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेची काळी जमीन बेसाल्टच्या खडकाची, तिच्यात गारगोटी कमी. पूर्वेला सावली, गडचिरोलीकडे जुना ग्रॅनाइटसारखा खडक, जमिनीत गारगोटीचे कण भरपूर. त्यामुळे एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेले दोन फाळ कोरपन्यात आणि इकडे सारखे टिकणार नाहीत. पण घसाऱ्याच्या सरासरीत दोघेही एकाच रकान्यात बसतात. पश्चिमेला लोखंड कमी जाते आणि बैलाचा घाम जास्त जातो, पूर्वेला उलट. बैलाच्या घामाला तर रकानासुद्धा नाही.

ज्वारीवाल्यांनी आणखी एक पाहिले असेल. कडबा कुट्टीचे पाते हिरव्या चाऱ्याला दिवस दिवस चालते आणि वाळल्या कडब्याला लवकर बोथट होते. ज्वारी ही गवताच्या कुळातली. तिच्या पानांत आणि धांड्यात जमिनीतून घेतलेल्या सिलिकाचे बारीक कण असतात, रेतीचेच भाऊबंद. विळ्याचेही तेच. मायबहिणींनो, घरात नांगराचा फाळ लोहाराकडे जातो, वखराची पास जाते, तुमचा विळा आणि खुरपे मात्र दगडावर घासून हंगाम काढतात. निंदणाला आठ तास बसणाऱ्या बाईच्या मनगटाला बोथट खुरप्याने किती जास्त ओढ पडते, हे मोजायला कोणी आले नाही. पुढच्या वेळी फाळ नेणाऱ्याच्या पिशवीत खुरपे टाका आणि परत आले की नाही ते पाहा.

कडबा कापण्याच्या यंत्रावरून आठवले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान चालवता-चालवता शेतीसाठी पहिल्यांदा जे केले ते कडबा कापायचे यंत्र, आणि मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणत, आणि पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे गेली, असे सांगतात. ही गोष्ट सांगताना लोक आपल्या आज्या-पणज्याला हसतात. मला त्यात हसण्यासारखे दिसत नाही. ज्याच्याकडे एक बैलजोडी आणि एक हंगाम आहे तो नव्या वस्तूवर लगेच पैज लावत नाही. वस्तू कामाची निघाल्यावर त्याच शेतकऱ्याने इतके नांगर घेतले की १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी वसवावी लागली. विष लोखंडात नव्हते, पण शेतकऱ्याची शंका रास्त होती: हे टिकेल का, ओढेल का, दुरुस्त कोण करील? दुकानात उभे राहून तेच तीन प्रश्न आपण आजही विचारले पाहिजेत.

टिकण्याच्या प्रश्नाला इंग्लंडात रॉबर्ट रॅन्सम या ओतकाम करणाऱ्याने एक सुंदर उत्तर काढले होते. १८०३ साली त्याने बिडाचा फाळ असा ओतला की खालचे अंग थंड लोखंडी साच्यावर पडून एकदम गोठे आणि फार कठीण होई, वरचे अंग सावकाश निवून मऊ राही. मातीत चालताना वरचे मऊ अंग आधी झिजे, खालची कठीण कड पुढे उरे, आणि फाळ झिजता-झिजता स्वतःला धार लावत जाई. झीज थांबवता येत नाही हे मान्य करून त्याने झिजेलाच कामाला लावले. आपले घिसाडी आणि गाडीलोहार हंगामाच्या आधी गावात पाल टाकत, जुन्या पासेच्या कडेला पोलादाची पट्टी जोडून पाणी देत, त्यातही हीच अक्कल होती: अंग मऊ आणि चिवट, धार कठीण. ते पाल आता कमी दिसतात. त्यांच्याबरोबर गेलेली वस्तू नुसती स्वस्त दुरुस्ती नव्हती. हात लावून लोखंड ओळखणारा माणूस गेला.

मग ओळखायचे कसे? खिशात एक लहान कानस ठेवा. दुकानात फाळाच्या किंवा पासेच्या कडेवर ती हलकीच ओढा. कानस लोखंड खात असेल, चुरा पडत असेल, तर धार मऊ आहे. कानस वरून काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी चांगले आहे. दुकानदार ओरडला तर समजा कानस बरोबर ठिकाणी लागली. भंगारातल्या ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद पासेला चांगले, पण लोहाराने तापवून नुसते ठोकले आणि पाणी दिले नाही तर तेच पोलाद मऊ राहते. बांधकामाच्या सळईला पाणी धरत नाही, तिची पास करून घेऊ नका.

कोणी "मँगनीज स्टील आहे" म्हणून जास्त पैसे मागितले तर जरा थांबा. आपल्या चंद्रपुरात मँगनीजची मिश्रधातू करणारा कारखाना आहेच. पूर्वीचा महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट, २०११ साली तो सेलमध्ये विलीन झाला. थोडे मँगनीज जवळजवळ सगळ्याच पोलादात असते. ज्याला खास मँगनीज स्टील म्हणतात ते १८८२ साली हॅडफील्डने शोधले. त्यात बारा-तेरा टक्के मँगनीज असते आणि ते दणके खाऊन वरून कठीण होते. गिट्टी फोडायच्या यंत्राला, रेल्वेच्या सांध्याला ते उत्तम. मऊ मातीत सरकणाऱ्या पासेला तसे दणकेच बसत नाहीत, तर त्याचा खरा गुण बाहेर कसा येणार? नावाला पैसे देऊ नका. सूरजागडचा दगड २०१६ साली निघू लागला, मधे थांबला आणि २०२१ पासून पुन्हा ट्रकांनी चालला आहे. दगड टनाच्या भावाने जातो आणि फाळ किलोच्या भावाने परत येतो, तेवढा तरी तो खरा फाळ असू द्या.

रेच्यातली सुरी

आता कापसाकडे येतो. कापूस आपल्या गाडीतून उतरला की आपला संबंध संपला असे आपण समजतो. तसे नाही.

आपल्याकडचे रेचे बहुतेक रोलरचे. १८४० साली अमेरिकेच्या अलाबामा प्रांतातल्या मॅकार्थीने ज्याची सनद घेतली त्याच जातीचे, पुढे दोन रोलरचे झालेले. रोलर चामड्याच्या चकत्या दाबून केलेला असतो आणि त्यावर तिरप्या चरी असतात. त्याला घट्ट टेकून पोलादाची स्थिर सुरी. रोलर फिरला की धागे त्याच्या खरबरीत अंगाला धरले जातात आणि सुरीखालून ओढले जातात. सरकी जाडी म्हणून सुरीच्या कडेवर अडते. दुसरी सुरी खालीवर हलते आणि सरकीला ढकलून मोकळी करते. रुई एका बाजूला, सरकी दुसऱ्या.

या सगळ्या यंत्राचा प्राण एका गोष्टीत आहे. धाग्यावर चामड्याची पकड ही पोलादाच्या पकडीपेक्षा जास्त असली पाहिजे. चामडे खरबरीत आणि सुरी तुकतुकीत, तरच धागा पुढे जाईल. चामडे वापरून गुळगुळीत झाले, त्यावर चकाकी आली, की धागा घसरतो आणि माल कमी निघतो. मग खरा फिटर रोलर पुन्हा खरबरीत करतो, चरी नव्याने पाडतो. आळशी फिटर सुरी जास्त दाबतो. दाबली की माल वाढल्यासारखा दिसतो, पण घर्षणाने रोलर तापतो, चामडे भराभर झिजते, वीज जास्त खाते, धागा तुटतो. रोलर फार तापला की आगीची भीती. जिनिंगला आग लागल्याच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो. त्यात घर्षणाची उष्णता हे एक कारण, आणि कापसातून आलेला खडा किंवा तारेचा तुकडा सुरीवर आपटून उडालेली ठिणगी हे दुसरे. तो खडा सुरीच्या कडेला खाच पाडतो, आणि त्या खाचेवरून गेलेला प्रत्येक धागा पुढे तुटत राहतो. तेव्हा वेचणीच्या पोत्यात खडा, सुतळी, तार जाऊ न देणे हे जिनवाल्यावर उपकार म्हणून नव्हे, आपल्या भावासाठी करायचे आहे.

चामड्याचा आणखी एक वांधा. ते क्रोमियम वापरून कमावलेले असते, झिजले की त्याची धूळ रुईत आणि हवेत जाते, रेच्यावर काम करणाऱ्या बायांच्या छातीत जाते. मुंबईला माटुंग्याची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ पासून आहे, नागपूरला तिचे जिनिंगचे प्रशिक्षण केंद्र आहे. या संस्थेने क्रोमियम नसलेला, रबर चढवलेल्या सुती कापडाचा रोलर काढला. तिथेही पहिला प्रश्न हाच होता की नव्या अंगाची धाग्यावर पकड चामड्याएवढी बसेल का.

आपला संबंध कुठे? जिनवाला कापूस हातात घेतो आणि भाव बोलतो तेव्हा त्याच्या मनात रुईचा उतारा आणि धाग्याची लांबी असते. त्याच्या रेच्यातून धागा तुटून निघत असेल तर तो तोटा तो स्वतःच्या फिटरकडून वसूल करील की आपल्या भावातून? माझे मत असे की आपल्या भावातून. म्हणून ज्या तालुक्यात सहकारी किंवा शेतकऱ्यांचा स्वतःचा जिन आहे तिथल्या सभासदांनी वार्षिक सभेत नफा-तोट्याबरोबर विचारावे: रोलरच्या चरी वर्षात किती वेळा पाडल्या? सुऱ्या कधी बदलल्या? उत्तर देणारा गडबडला तर समजून घ्या.

चकाकलेला लायनर

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पोटात कावळे ओरडू लागले आहेत. डिझेल इंजिनाचा लायनर नवा असतो तेव्हा आत बारीक तिरप्या रेघांची जाळी दिसते. काहींना वाटते, काम कच्चे राहिले. ती जाळी मुद्दाम पाडलेली असते. तिच्या चरांत तेल राहते आणि रिंग त्या तेलावर सरकते. रिबोरिंग करून आणलेला ब्लॉक आत आरशासारखा चमकत असेल आणि जाळी दिसत नसेल तर कारागिराला परत पाठवा, होनिंग करून दे म्हणा. तसेच नवे किंवा नव्याने बांधलेले इंजिन तासन् तास भार न देता नुसते फडफडत ठेवू नका. रिंग बसत नाही, लायनरला आतून झिलई चढते, इंजिन तेल पिऊ लागते आणि निळा धूर टाकते. सुरुवातीचे तास मध्यम भारावर चालवा आणि पहिले तेल लवकर बदला, कारण त्या तेलात तुटलेली टोके असतात, ढेकळांची टोके म्हणालो ती.

इंग्लंडात १९६६ साली सरकारने नेमलेल्या जोस्ट समितीने देशभरातल्या घासण्या-झिजण्याचा हिशेब मांडला आणि सांगितले की नीट लक्ष दिले तर उद्योगाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील. त्यांच्या कारखानदारांसाठी कोणीतरी मोजले. आपल्यासाठी आयोग मोजतो तो खरेदी किमतीवरून, आयुष्याच्या अंदाजावरून. आपल्याकडे स्वतःचा आकडा नसेल तर त्याच्या आकड्याशी भांडणार कशाने?

म्हणून बैठकीपुढे एक काम ठेवतो. प्रत्येक तालुक्यातून दहा शेतकरी. पेरणीपूर्वी वखराची पास आणि डवऱ्याच्या पासा धुऊन किराणा दुकानाच्या काट्यावर तोलायच्या, ग्रॅमपर्यंत. वहीत तारीख, वजन, लोखंड कुठून घेतले आणि कानस काय म्हणाली ते लिहायचे. जमीन कोणती तेही लिहायचे, कन्हार, बरड की रेताड. हंगामात किती एकरांना किती पाळ्या दिल्या आणि लोहाराला प्रत्येक वेळी काय दिले, त्याची नोंद त्याच दिवशी. लोहाराने पोलाद चढवले तर त्याच्या आधीचे आणि नंतरचे वजन वेगळे. शेवटचा डवरा झाला की पुन्हा तोलायचे. ज्या घरी खुरपी आणि विळे तोलतील त्यांनी ते पानही जोडावे. वह्या दिवाळीनंतरच्या जिल्हा बैठकीत आणायच्या. तोवर पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या वह्या वेगवेगळ्या बांधायच्या, एकत्र करायच्या नाहीत. वह्यांचे नमुने आपल्या तालुका प्रतिनिधीकडे देऊन ठेवले आहेत, जेवण झाल्यावर घेऊन जा.